पायांना वाचता यावे असे घर

वाचकहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. घरातील दुसरे कोणी जवळ उभे असताना डोळ्यांवर रुमाल बांधावा आणि आपल्या निजण्याच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाऊन यावे. पहिली दोन पावले जड वाटतील. मग हात आपोआप दाराची चौकट शोधील, पायाला उंबरठ्याची कड लागेल, नळाच्या थेंबांचा आवाज कोणत्या बाजूने येतो ते कान सांगतील आणि साबणाच्या वासावरून आपण योग्य दारापाशी आलो हे कळेल. रुमाल सोडल्यावर लक्षात येईल की घर केवळ डोळ्यांनी ओळखीचे झालेले नसते. पाय, तळहात, कान आणि नाक यांनीही ते वर्षानुवर्षे पाठ केलेले असते.

आता हाच रुमाल बांधून आपल्याला एखाद्या अनोळखी कचेरीच्या दारात सोडले आहे अशी कल्पना करा. तेथे भिंत कोठे संपते, पायऱ्या किती आहेत, समोर काच आहे की मोकळी वाट, यांपैकी काहीच कळत नाही. ज्यांची दृष्टी गेली आहे किंवा मंदावली आहे, त्यांना हा प्रसंग रोज येतो. यात त्यांच्या डोळ्यांचा भाग असतो तितकाच, कधी कधी त्याहून अधिक, भाग इमारत बांधणाऱ्यांचा असतो. वृद्ध वाचकांनी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनी हा दुसरा भाग नीट समजून घ्यावा, कारण डोळ्यांवर इलाज नसला तरी इमारतीवर बहुधा इलाज असतो.

वाड्यातील आजी, सदनिकेतील आजी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक घरांना परिचित वाटेल असे एक उदाहरण घेऊ. समजा, पारनेर तालुक्यातील एका गावात जुन्या वाड्यात एक आजी राहत आहेत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आहे. तरीही पहाटे उठून त्या ओसरीवरून चौकात येतात, तुळशीला पाणी घालतात, देवघरात दिवा लावतात आणि स्वयंपाकघरातील मिठाचा डबा न चुकता उचलतात. पाहुण्यांना त्यांच्या दृष्टीची अवस्था सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढे मुलगा त्यांना काळजीपोटी नगरला, सावेडीतील नव्या सदनिकेत घेऊन येतो. फरशी गुळगुळीत व चकचकीत असते. भिंती, दारे, बेसिन, कमोड सारे पांढरे असते. तिन्ही खोल्यांची दारे हाताला अगदी सारखीच लागतात. आठ दिवसांत आजी पलंगावरून उठेनाशा होतात. घरातली माणसे म्हणतात, "वय झाले, आता काही होत नाही."

खरे तर आजींचे डोळे आठ दिवसांपूर्वी होते तसेच आहेत. हरवला आहे तो नकाशा. वाड्याने त्यांना जी माहिती पायांतून आणि हातांतून दिली होती, ती सदनिका देत नाही. पडण्याची भीती वाटते म्हणून चालणे थांबते, चालणे थांबले की स्नायू दुबळे होतात, आणि स्नायू दुबळे झाले की खरोखरच तोल जातो. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून फरशी, दिवा आणि कठडा या गोष्टी आरोग्याच्याच विषयात मोडतात, शोभेच्या नव्हे.

वयानुसार नजर कशी बदलते

दृष्टिदोष म्हणजे संपूर्ण काळोख असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पूर्ण अंधत्व असलेल्यांपेक्षा अंशतः दिसणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. मोतीबिंदूत सारे धुरकट दिसते आणि समोरून आलेला उजेड डोळ्यांत पसरतो. काचबिंदूत बहुधा कडेचे दिसणे आधी जाते. नळीतून पाहावे तसे समोरचे दिसते, पण बाजूचे स्टूल किंवा पायाजवळची पायरी दिसत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाली तर नेमके उलट होते: वाट दिसते, परंतु समोरच्याचा चेहरा आणि पाटीवरील अक्षरे दिसत नाहीत. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला इजा झाली तर दृश्यावर मध्येच काळे डाग पडल्यासारखे होते.

यांपैकी कोणताही विकार नसला तरी वयाचा परिणाम टळत नाही. बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होते, आणि साठीतील माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. उन्हातून अंधाऱ्या जिन्यात शिरल्यावर नजर स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. फिकट निळा आणि फिकट हिरवा यांतील फरक कळेनासा होतो. थोडक्यात, दृष्टिबाधितांसाठी केलेली प्रत्येक सोय पुढेमागे आपल्यापैकी बहुतेकांच्या उपयोगी पडणार आहे.

येथे एक गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे. घरात बदल करण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. २०१५ ते २०१९ या काळात देशात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांमध्ये अंधत्वाचे प्रमाण सुमारे २ टक्के आढळले आणि त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे ते टाळता येण्याजोगे होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. जी दृष्टी परत मिळू शकते ती आधी मिळवावी, आणि जी मिळू शकत नाही तिच्यासाठी घर बदलावे, हाच योग्य क्रम होय.

जुन्या घरांनी काय शिकवले

आपल्या भागातील जुने घर आठवून पाहा. अंगण शेणाने सारवलेले, ओट्याला काळ्या दगडाची कड, ओसरीवर शहाबादी फरशी, माजघरात पुन्हा सारवलेली जमीन. अनवाणी चालणाऱ्याला पाऊल टाकताक्षणी कळे की आपण घराच्या कोणत्या भागात आहोत. उंबरठ्याला हळदीची बोटे लावण्याची आणि त्यापुढे रांगोळी काढण्याची रीत धार्मिक भावनेतून आली असली, तरी गडद लाकडावर पिवळी खूण आणि तिच्यापुढे पांढरी रेघ यांमुळे जमिनीची उंची जेथे बदलते ती जागा मंद नजरेलाही दिसे. चौकाच्या वर आकाश मोकळे असल्याने तेथे आवाज वेगळा घुमे, वारा लागे, आणि कडेच्या तुळशीचा गंध येई. देवघराला उदबत्तीचा वास, स्वयंपाकघराला चुलीचा. वाडा असा पंचेंद्रियांशी बोलत असे.

तथापि, जुने ते सारे चांगले असे म्हणणे खरे ठरणार नाही. त्याच वाड्यांत जाड भिंतीतून वर जाणारा अंधारा, उभट जिना असे. पायऱ्यांची उंची सारखी नसे. चौकट इतकी बुटकी असे की कपाळ आपटे. माजघरात भरदिवसाही दिवा लागे. जन्मापासून त्या घरात वावरलेल्यांना त्याची सवय होती, परंतु नव्याने आलेल्या सुनेला किंवा पाहुण्याला नव्हती. तेव्हा वाड्याकडून त्याची स्पर्शाची भाषा घ्यावी आणि त्याचा अंधार तेथेच सोडून द्यावा.

आपल्या जिल्ह्याकडे आणखी दोन उदाहरणे आहेत. नेवाशाला पैसाचा खांब आहे. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगताना माउली ज्याला टेकून बसले अशी श्रद्धा आहे, तो हा खांब. भाविक त्याचे दर्शन डोळ्यांनी घेतात, पण डोके टेकून आणि हात लावूनच त्यांचे समाधान होते. ज्याला दिसत नाही त्याचे तेथील दर्शन यामुळे अपुरे राहत नाही. दुसरे उदाहरण शनिशिंगणापूरचे. तेथील घरांना दारे नसतात ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपण आपल्या घरांची दारे काढावीत असे कोणी म्हणणार नाही. पण दृष्टिबाधितांच्या कपाळाला आणि नाकाला सर्वांत जास्त इजा करते ते अर्धवट उघडे दार. चालताना पसरलेले दोन्ही हात दाराच्या दोन बाजूंनी निघून जातात आणि दाराची कड नेमकी मधोमध लागते. म्हणून दार एकतर पूर्ण उघडे असावे किंवा पूर्ण बंद, हा नियम घरातील लहान मुलांपासून सर्वांना शिकवावा. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

इतरत्र काय केले गेले

जपानमध्ये सेइइची मियाके या गृहस्थांची ओळख दृष्टी गमावू लागलेल्या एका मित्रामुळे या प्रश्नाशी झाली. त्यांनी १९६५ मध्ये उंचवटे असलेल्या फरश्या तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवण्यात आल्या. आज आपल्या रेल्वे फलाटांच्या कडेला दिसणाऱ्या पिवळ्या फरश्या त्याच कुळातल्या. त्यांची भाषा सोपी आहे: लांबट रेघा म्हणजे "याच दिशेने चालत राहा", आणि गोल ठिपके म्हणजे "थांबा, पुढे जिना, रस्ता, दार किंवा कड आहे". आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी या फरश्या केवळ नक्षी म्हणून बसवल्या जातात. रेघांची वाट थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडते, किंवा ठिपक्यांवर दुचाक्या उभ्या असतात. अशा वेळी ती फरशी मदत करण्याऐवजी फसवते.

गुजरातमधील गांधीनगर येथे सीलॅब या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने बांधलेली अंध व दृष्टिबाधित मुलांची शाळा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तेथे मधल्या चौकाभोवती वर्ग मांडलेले आहेत. भिंतींच्या गिलाव्याचा पोत जागेनुसार वेगळा ठेवला आहे, त्यामुळे हात फिरवला की कोठे आहोत ते कळते. खोल्यांचे आकार व छताची उंची बदलत असल्यामुळे आवाजाचा घुमाराही बदलतो. चौकांतील सुगंधी झाडे वाटेची खूण सांगतात. ज्यांना थोडे दिसते अशा मुलांसाठी दारे, कड्या आणि विजेची बटणे ठळक विरोधी रंगांत ठेवली आहेत. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील हेझलवुड शाळेत लांब वळणदार मार्गिकेच्या भिंतीला बुचाच्या सालीचे आवरण दिले आहे. हाताला उबदार लागणाऱ्या त्या भिंतीचा माग काढत मुले एकटी वर्गात पोहोचतात.

आणि अमेरिकेतील ख्रिस डाउनी यांचे नाव येथे घ्यायलाच हवे. ते वास्तुरचनाकार. २००८ मध्ये मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. ते कामावर परतले आणि उठावाच्या रेषांत छापलेले नकाशे बोटांनी वाचू लागले. ज्याला इमारत दिसत नाही तोही इमारतीचा विचार करू शकतो, एवढेच नव्हे तर डोळसांच्या ध्यानी न येणाऱ्या गोष्टी तो सुचवू शकतो, हे त्यांच्या कामावरून दिसते. म्हणून घरात बदल करताना आजोबांना अगोदर विचारावे. कठडा कोठे हवा, हे त्यांच्या हाताला जितके कळते तितके गवंड्याला किंवा मुलाला कळत नाही.

आपल्या घरात काय करता येईल

पुढील सूचना भाड्याच्या घरातही अमलात आणता येतील अशा आहेत. सगळ्या एकाच दिवशी करू नयेत. एकेक बदल करावा, वृद्धांना त्याची सवय होऊ द्यावी आणि मग पुढे जावे.

*रंगांचा विरोध.* पांढऱ्या भिंतीवरील पांढरे बटण मंद नजरेला दिसत नाही. बटणांच्या पाटीभोवती गडद रंगाची चिकटपट्टी लावावी. पांढऱ्या कमोडवर गडद रंगाची बैठक बसवावी. पांढऱ्या न्हाणीघरात बादली आणि तांब्या लाल किंवा निळा असावा. ताटातही हेच तत्त्व लागू पडते: पांढरा भात गडद ताटलीत वाढला तर वेचून खाता येतो, चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटात तो हरवतो.

*पायऱ्या.* प्रत्येक पायरीच्या कडेला सुमारे दोन इंच रुंदीची, फरशीहून ठळक वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी लावावी. नवीन जिना बांधत असाल तर पायरीची उंची सहा इंचांहून अधिक आणि रुंदी एक फुटाहून कमी नसावी, आणि सर्व पायऱ्या अगदी सारख्या असाव्यात. एकच पायरी अर्ध्या इंचाने उंच असली तरी ठेच तिथेच लागते. कठडा दोन्ही बाजूंना असावा आणि तो पहिल्या पायरीच्या अलीकडे व शेवटच्या पायरीच्या पलीकडे सुमारे एक फूट पुढे यावा. जिना संपला ही बातमी पायाआधी हाताला मिळते, ती या एका फुटामुळे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आपल्या मजल्यापाशी कठड्याला जाड सुतळीचे वेढे द्यावेत; तिसऱ्या मजल्याला तीन. शेजाऱ्यांना त्याचा त्रास नाही आणि आजोबा दुसऱ्याच्या दारात किल्ली लावत बसणार नाहीत.

*उजेड.* केवळ जास्त प्रकाश म्हणजे चांगला प्रकाश नव्हे. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्याला उघडा, डोळ्यांत जाणारा दिवा त्रासदायक होतो. दिव्याला झाकण असावे, उजेड जमिनीवर व कामाच्या जागेवर पडावा, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना एकदम काळोख लागू नये. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा तेवत ठेवावा. चकचकीत फरशीवर खिडकीचा उजेड पडला की ती ओली असल्याचा भास होतो. तेथे पडदा लावावा. सुटे पायपुसणे आणि कडा मुडपलेली सतरंजी मात्र लगेच उचलून टाकावी.

*कमरेच्या वरचे अडथळे.* पांढरी काठी जमिनीवरचे सांगते, डोक्याजवळचे सांगत नाही. बाहेर उघडणारी खिडकी, जिन्याखालची तिरपी जागा, भिंतीतून पुढे आलेली फळी, लोंबकळणारी कपड्यांची दोरी यांपासून काठीचा बचाव होत नाही. चालण्याच्या वाटेवर भिंतीतून चार इंचांहून अधिक पुढे आलेली कोणतीही वस्तू असू नये. असेलच तर तिच्या खाली जमिनीवर कुंडी ठेवावी, म्हणजे काठीला ती आधी लागेल. जिन्याखालची जागाही अशीच अडवून टाकावी.

*खुणा.* तीन दारे सारखी असतील तर त्यांना हाताला कळेल असा फरक द्यावा: एका दाराच्या कडीला कापडाची पट्टी, दुसऱ्याला लाकडी मणी, तिसरे तसेच. शेगडीच्या बटणावर "बंद" या जागी डिंकाचा किंवा रंगाचा उठावदार ठिपका द्यावा. टिकटिकणारे घड्याळ आणि रेडिओ नेहमी एकाच जागी ठेवावेत. ते आवाजाचे दीपस्तंभच होत. गॅलरीत तुळस, गवती चहा किंवा मोगरा लावावा. मोकळ्या हवेचे दार कोणते हे त्याच्या वासावरून कळेल.

*शिस्त.* सर्वांत महत्त्वाचे हेच. खुर्ची जेथून ओढली तेथे परत सरकवावी. चपला वाटेत काढू नयेत. दिवाळीच्या साफसफाईत सामानाची जागा बदललीच तर वृद्धांचा हात धरून एकदा संपूर्ण घर फिरवून आणावे आणि काय हलले ते सांगावे. डोळसांच्या घरातील पसारा म्हणजे गैरसोय. दृष्टिबाधिताच्या घरातील पसारा म्हणजे अपघात.

गावातील इमारती आणि आपला हक्क

घर आपण सुधारू, परंतु बँक, पोस्ट, दवाखाना, तहसील, बसस्थानक आणि देऊळ यांचे काय? चौदा तालुक्यांचा आपला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. जिल्ह्याच्या गावी कामासाठी येणाऱ्या ज्येष्ठांना लांबचा प्रवास करावा लागतो, आणि दारापर्यंत येऊन आत जाता आले नाही तर तो सारा प्रवास वाया जातो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देऊ नये आणि तिला पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करावयाच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले. म्हणजे ती मुदत केव्हाच उलटून गेली. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे; ती बंधनकारक असली पाहिजेत. त्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. तेव्हा जिन्याला कठडा मागणे ही कृपेची याचना नव्हे, हे ध्यानी असू द्यावे.

अनुभव असा की सुगम्यता म्हटले की दारापाशी एक उतार बांधला जातो आणि काम संपले असे मानले जाते. उतार चाकाच्या खुर्चीसाठी आवश्यकच आहे, पण दृष्टिबाधिताला त्याने पुरेसे साहाय्य होत नाही. त्याला दारापासून खिडकीपर्यंत सलग वाट हवी. जिन्याआधी ठिपक्यांची फरशी हवी. काचेच्या दारावर ठळक पट्टा हवा. खोलीच्या पाटीवर मोठी, गडद, उठावाची अक्षरे आणि ब्रेल हवे, आणि ती पाटी हात पोहोचेल अशा उंचीवर, दाराच्या कडीच्या बाजूच्या भिंतीवर हवी. दारावर लावली तर वाचता वाचता दार उघडून कपाळावर येते. उद्वाहकात बटणांवर ब्रेल आणि मजला सांगणारा आवाज हवा. रांगेत "पुढचा क्रमांक" केवळ पडद्यावर न झळकता उच्चारलाही गेला पाहिजे.

देवळांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तेथे आपण अनवाणी असतो. पावलांना फरशीचा पोत उत्तम कळतो. म्हणजे देवळात केलेली स्पर्शखूण सर्वांत जास्त उपयोगी पडेल. शिर्डीसारख्या ठिकाणी दर्शनबारीचे कठडे हाताला सलग आधार देतात आणि वाट चुकू देत नाहीत. तेच कठडे संपल्यावर मोकळ्या, गुळगुळीत, धुतलेल्या संगमरवरावर गर्दीत उभे राहणे मात्र वृद्धांना अवघड जाते. आपल्या गावातील देवळाच्या विश्वस्तांना दोन गोष्टी सुचवाव्यात: पायरीच्या कडेला खरखरीत दगडाची ठळक पट्टी आणि गाभाऱ्याच्या दिशेने नेणारी, हाताला लागेल अशी एक सलग दांडी. जीर्णोद्धाराच्या खर्चात एवढे सहज बसते.

गावपातळीवर आणखी एक दार उघडे आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. त्यातून काय करावे याची मागणी ग्रामसभेत करता येते. ग्रामपंचायतीच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या पायऱ्यांना कठडे व रंगीत पट्ट्या, असा साधा अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते.

हात कसा द्यावा

इमारत कितीही सुधारली तरी काही वाटा सोबतीनेच चालाव्या लागतात. तेव्हा वृद्धांचा दंड धरून त्यांना पुढे ढकलू नये आणि काठी धरून ओढू नये. आधी बोलून आपण जवळ आहोत हे सांगावे, आपला कोपर त्यांच्या हाताला लावावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. आपल्या अंगाची हालचाल त्यांना कोपरातून कळते. पायरीशी क्षणभर थांबून "वर चढायचे आहे" किंवा "खाली उतरायचे आहे" एवढे स्पष्ट सांगावे. नुसते "सांभाळून" म्हटल्याने काहीच कळत नाही. खुर्चीपाशी पोहोचल्यावर त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावा. बसायचे कसे ते त्यांना ठाऊक असते.

नव्या घराची ओळखही अशीच करून द्यावी. मुख्य दार हा प्रारंभ मानावा. उजवा हात भिंतीला लावून संपूर्ण घराला एक फेरी घालावी. दारे, कोपरे, कपाट, पलंग यांची नावे घेत जावीत. दिवसातून दोनदा, असे काही दिवस करावे. मग त्यांना एकटे जाऊ द्यावे आणि आपण मागे, न बोलता उभे राहावे. हा शेवटचा भाग देखभाल करणाऱ्याला सर्वांत कठीण जातो. काळजीपोटी आपण पाण्याचा पेला हातात आणून देतो, आणि उठून पाणी घेण्याची सवय नकळत काढून घेतो.

सावेडीच्या त्या सदनिकेत पुन्हा जाऊ. मुलाने पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला लाकडी दांडी बसवली, दारांच्या कड्यांना वेगवेगळ्या खुणा केल्या, कमोडची बैठक बदलली आणि गॅलरीत तुळशीची कुंडी आणून ठेवली, असे समजा. आजी भिंतीच्या आधाराने निघतील, पहिल्या दिवशी दोनदा चुकतील, तिसऱ्या दिवशी एकदा. आणि एका पहाटे घरातील सारे झोपेत असताना गॅलरीत पाण्याचा आवाज येईल.

येत्या रविवारी एक कागद घ्यावा आणि आपल्या घरातील अशा वाटेवर, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, वृद्धांबरोबर सावकाश चालावे. जेथे त्यांचे पाऊल अडखळते किंवा हात रिकाम्या हवेत काही शोधतो, ती प्रत्येक जागा लिहून ठेवावी. यादीतील पहिली दुरुस्ती सोमवारीच करावी.